उन्हाळ्यांत तापणारा गेमिंग लॅपटॉप

वऱ्हाडचा उन्हाळा वऱ्हाडी माणसास समजावून सांगावा लागत नाहीं. २०२४ सालच्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें गेला आणि तेथील जिल्हाधिकाऱ्यांना १४४ वें कलम लावावें लागलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. एरवीं हें कलम दंग्याधोप्याच्या वेळीं लागावयाचें. त्या वर्षीं तें सूर्यनारायणाच्या प्रकोपामुळें लागलें. माणसांसाठीं सावली, पाणी, कांदा, पन्हें अशी सारी तजवीज होते. परंतु त्याच दिवसांत अमरावती-अकोल्याच्या कित्येक घरांतून, गच्चीखालच्या खोलींत, एक यंत्र पूर्ण जोरानें राबत असतें आणि त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. तें यंत्र म्हणजे घरांतील मुलाचा गेमिंग लॅपटॉप.

एखाद्या घरचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. लॅपटॉप सत्तर-ऐंशी हजारांचा, वडिलांनीं भविष्यनिर्वाह निधींतून उचल करून घेतलेला. एप्रिल लागला कीं तक्रार सुरू होते. "बाबा, हा आपोआप बंद होऊन रायला." वडिलांचें उत्तर ठरलेलें: "रात्रंदिवस गेम खेळून रायला तू, मंग बंद नाई होईन त काय होईन?" येथून वाद वाढतो, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलाचा प्रकल्पही त्याच यंत्रांत अडकून पडतो. वस्तुतः दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें आहे. खेळामुळें यंत्र बिघडत नाहीं. चलच्चित्रांचें संपादन केलें किंवा इमारतीचा आराखडा रंगवून घेतला तरी तें तितकेंच तापेल. आणि यंत्र सदोष आहे, नवें घ्यावें, हा मुलाचा निष्कर्षही बहुधा घाईचा असतो.

लॅपटॉप जी वीज घेतो तिची अखेर जवळजवळ सर्वस्वीं उष्णताच होते. साधा कार्यालयीन लॅपटॉप पंधरा-वीस वॅटांवर भागवितो. गेमिंग लॅपटॉपांत मुख्य प्रोसेसर आणि चित्रें रंगविणारा ग्राफिक्स प्रोसेसर असे दोन खादाड शेजारीं बसलेले असतात, आणि दोघे मिळून शंभर-दीडशें वॅट सहज घेतात. पूर्वीचा शंभर वॅटांचा पिवळा दिवा हातानें काढतां येत नसे, हें ज्यांना आठवतें त्यांनीं तसा दीड दिवा एका वहीएवढ्या जाडीच्या पेटींत कोंडल्याची कल्पना करावी.

ही उष्णता बाहेर नेण्याची योजना मोठी नामी आहे. प्रोसेसरच्या पाठीवर एक प्रकारचा लेप असतो, त्यावर तांब्याची चपटी नळी. नळी दिसते भरीव, पण ती आंतून पोकळ असून तिच्यांत हवा काढून घेऊन थोडेंसें पाणी कोंडलेलें असतें. दाब कमी असल्यामुळें तें पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाहीं. तापलेल्या टोंकाशीं त्याची वाफ होते, वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथें तिचें पुन्हां पाणी होतें आणि नळीच्या खरबरीत अस्तरांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें, परत येतें. अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं अशी नळी सिद्ध केली. पुढें तिचा उपयोग अंतराळयानांत झाला, आणि आतां ती मुलांच्या मांडीवर आली आहे. माठांतील पाणी ज्या तत्त्वानें गार होतें तेंच हें तत्त्व. फरक इतकाच कीं माठाची वाफ उडून जाते आणि नळींतील वाफ माहेरीं परत येते. नळीच्या थंड टोंकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि तिच्यांतून पंखा हवा फुंकतो.

येथेंच वऱ्हाडाचा प्रश्न उपस्थित होतो. पंखा हवा फुंकतो खरा, पण ती खोलींतील हवा. पंखा पूर्ण वेगानें फिरत असतां ठराविक कामाला प्रोसेसर खोलीपेक्षां ठराविक अंशांनीं अधिक तापतो. समजा, हा फरक ५५ अंशांचा आहे. खोली २५ अंशांवर असतां प्रोसेसर ८० वर राहील, आणि कोणाला कांहीं जाणवणार नाहीं. तीच खोली मे महिन्यांत ४१ अंशांवर गेली कीं प्रोसेसर ९६ वर पोंचला. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ती गांठतांच तो जीव वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. पडद्यावरील चित्र अडखळतें, आणि एवढ्यानेंही भागलें नाहीं तर यंत्र स्वतःला बंद करून घेतें. तें बंद पडणें हा बिघाड नव्हे, तो बचाव आहे.

वेळेचीही एक गंमत आहे. दुपारीं ऊन म्हणून मुलगा सायंकाळीं खेळावयास बसतो. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता नेमकी तेव्हांच खोलींत सोडीत असतो. रात्रीं आठ वाजतां बाहेर वारा सुटलेला असला तरी गच्चीखालची खोली भट्टीसारखी असते. जुन्या जाड मातीच्या भिंतींच्या घरांत हा त्रास कमी असे. जड काम पहांटे करावें, हा वडिलांचा अभ्यासाविषयींचा जुना उपदेश लॅपटॉपलाही लागू पडतो, ही गोष्ट मुलांना फारशी आवडणार नाहीं.

उन्हाळ्याच्या जोडीला कापूस आहे. दिवाळीपासून पुढें जिनांतून रुई पिंजली जाते आणि आसपासच्या वस्तींत बारीक तंतु उडत राहतात. त्यांत काळ्या मातीची धूळ मिसळते. लॅपटॉप हवा खालून घेतो आणि मागून किंवा बाजूनें सोडतो. हे तंतु पंखा आणि जाळी यांच्या मध्यें अडकून तेथें नमद्यासारखा थर बसतो. हिवाळ्यांत तो खपून जातो. एप्रिलांत त्याचा हिशेब होतो. परीक्षा सोपी आहे. पातळ कागदाची पट्टी हवा सुटण्याच्या झरोक्यापाशीं धरावी. पंख्याचा आवाज मोठा आणि पट्टी मात्र जेमतेम हलते, असें दिसलें तर आंत थर बसला आहे असें समजावें. यंत्र बंद करून, आंतील पंखा काडीनें स्थिर धरून, बाहेरच्या बाजूनें हवेचा झोत मारावा. पंखा मोकळा सोडून झोत मारल्यास तो भलत्या वेगानें फिरून खराब होतो.

गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणें म्हणजे त्याच्या नाकावर उशी दाबणें होय. मागील दोन्ही कोपऱ्यांखालीं एकेक जाड पुस्तक सारलें तरी कांहीं अंश उतरतात, आणि याला खर्च शून्य.

कूलरविषयीं मात्र समज-गैरसमज पुष्कळ. ओलसर हवेनें लॅपटॉप बिघडेल ही भीति अनाठायीं आहे. यंत्र हवेपेक्षां गरम असल्यामुळें त्यावर दंव धरत नाहीं, आणि कोरड्या मे महिन्यांत कूलरनें खोली जितकी उतरेल तितका प्रोसेसरही उतरेल. धोका आहे तो उडणाऱ्या थेंबांचा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचें पाणी कूलरच्या जाळीवर पांढरे थर कसे धरतें तें गृहिणींना ठाऊक आहे. तोच क्षार यंत्रांत गेला तर अनर्थ. म्हणून कूलर खोलींत असावा, यंत्राच्या तोंडाशीं नसावा. लॅपटॉप फ्रीजमध्यें ठेवण्याचा किंवा खालीं बर्फाची पिशवी ठेवण्याचा अघोरी उपाय तर मुळींच करूं नये; तेथें दंव खरोखरच धरतें.

आणखी एक उपाय मुलाच्याच हातीं आहे. प्रोसेसरचा वेग वाढविण्यास विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे शेवटच्या थोड्याशा वेगासाठीं फार मोठी उष्णता मोजावी लागते. विंडोजच्या वीजविषयक मांडणींत 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजीं ९९ केलें कीं पुष्कळ यंत्रांत हा जादा वेग बंद होतो. खेळांतही सेकंदाला १४४ चित्रांऐवजीं ६० ची मर्यादा घालतां येते. खेळाची लज्जत किंचित् उणावते. प्रकल्पाच्या कामांत तर फरक क्वचितच कळतो.

सर्वांत गंभीर बाब बॅटरीची. लिथियमची बॅटरी उष्णतेनें लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली असतां उष्णता तिला अधिकच बाधते. यंत्र सदा विजेला जोडलेलें असेल तर निर्मात्याच्या सोयींतून भरणा ८० टक्क्यांवर थांबवावा. कळफलक मध्येंच उचलल्यासारखा वाटला, किंवा बोटानें सरकविण्याची पट्टी फुगली, तर बॅटरी फुगली आहे असें समजून यंत्र तत्काळ बंद करावें. तिला टोंचूं नये, दाबूं नये, पुन्हां भरूं नये. पेट घेण्याचा धोका खरा आहे.

तीन-चार वर्षांच्या यंत्रांतील लेप वाळलेला असतो. तो मात्र जाणत्या कारागिराकडूनच बदलून घ्यावा. दुकानांत वडिलांनीं मुलासोबत जावें, झाकण उघडल्यावर पंख्यामागची जाळी दाखवावयास सांगावी, आणि घरीं आल्यावर तीच कागदाची पट्टी पुन्हां एकदां धरून पाहावी.