चाकाची कुरकुर

बैलगाडीच्या काळी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीवान आसाला वंगण घालीत असे. वंगण आटले की चाकाचा तुंबा आसावर कोरडा घासू लागे आणि चाक कुरकुरू लागे. ती कुरकुर कानी पडताच जाणता गाडीवान गाडी थांबवी. आज बैलगाडीची जागा मोटारीने घेतली आहे आणि तुंब्याच्या जागी बेअरिंग आले आहे. परंतु कुरकुरणाऱ्या चाकाकडे दुर्लक्ष करू नये, हा जुना धडा तितकाच खरा आहे.

बेअरिंगची रचना साधी असते. एकात एक बसणाऱ्या दोन पोलादी कड्या आणि त्या दोहोंमध्ये छर्रे किंवा छोटे रूळ, आणि त्यांना वेढून असलेले ग्रीस. जड पेटी जमिनीवरून ओढणे कठीण जाते. पण तिच्याखाली गोल लाकडे ठेवली, तर ती सहज पुढे सरकते. घासण्यापेक्षा गडगडण्याला विरोध फार कमी होतो, हेच यामागील तत्त्व होय. वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी अशा छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते.

या लहानशा वस्तूवर भार मात्र मोठा असतो. माणसांसह मोटारीचे वजन १,२०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो. चाकाचा व्यास ६० सेंटीमीटर असेल, तर एका किलोमीटरमध्ये त्याचे सुमारे ५३० फेरे होतात. बंगळुरूहून पुण्याला जाण्यासाठी सुमारे ८४० किलोमीटर अंतर कापावे लागते. म्हणजे या एका प्रवासात प्रत्येक चाक जवळजवळ साडेचार लाख वेळा फिरते.

सणासुदीला बंगळुरूतील अनेक मराठी कुटुंबे बेळगाव, कोल्हापूर, पुणे अशा गावांकडे निघतात. समजा, अशा वेळी भाड्याने गाडी चालवणाऱ्या एखाद्या चालकाला पुढच्या चाकातून घरघर ऐकू आली. गाडी गॅरेजमध्ये लावली, तर हातचे भाडे जाते. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. ‘एवढी एक फेरी होऊ दे, मग पाहू,’ असा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण झिजलेल्या बेअरिंगवर ही फेरी करणे सुरक्षित आहे काय? याचे स्पष्ट उत्तर ‘नाही’ असे आहे.

बेअरिंग एकाएकी झिजत नाही. खड्ड्यात चाक जोराने आदळले की कडीवर सूक्ष्म खोक पडते. बंगळुरूच्या पावसात भुयारी मार्गांत आणि सखल रस्त्यांवर पाणी साचते. बेअरिंगचे सील फाटलेले असेल, तर हे पाणी व रेती आत शिरते आणि ग्रीस निकामी होते. मग पोलादावर पोलाद घासते, त्याचे कण सुटतात आणि तेच कण पुढे कानशीप्रमाणे काम करतात. चाक डगमगू लागते. चाकाबरोबर ब्रेकची तबकडीही हलल्यास ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात आणि पायाखालचा ब्रेक नेहमीपेक्षा खोल जातो. शेवटी अतिउष्णतेने बेअरिंग जाम होऊ शकते किंवा चाक गाडीपासून सुटू शकते. सुटलेले चाक केवळ गाडीतील माणसांचाच नव्हे, तर रस्त्याने चालणाऱ्या निरपराध माणसाचाही जीव घेऊ शकते.

पहिल्या घरघरीनंतर गाडी पाचशे किलोमीटर चालेल की पाच, हे कुशल मिस्त्रीही केवळ आवाजावरून सांगू शकत नाही. म्हणून ‘अजून किती चालेल?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

दोष ओळखण्याच्या काही खुणा आहेत. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा असतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढल्यास उजव्या बाजूच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. गॅरेजमध्ये चाक उचलून वर-खाली हलवून पाहतात. ते ढिले हलत असेल, तर मिस्त्री त्याला ‘प्ले’ आहे असे म्हणतात. एक चाक इतरांपेक्षा फार तापत असेल, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक हे कारण असू शकते. मात्र तापलेल्या भागाला हात लावून पाहू नये.

आवाज नुकताच सुरू झाला असेल आणि चाक हलत किंवा तापत नसेल, तरी प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवावे आणि महामार्ग टाळून, सावकाश, जवळचे गॅरेज गाठावे. चाक डगमगत असेल, जळका वास येत असेल किंवा खडखडाट होत असेल, तर गाडी जागीच थांबवून ती उचलून न्यावी. आजच्या अनेक गाड्यांतील बेअरिंग सीलबंद असते. त्यात ग्रीस भरून भागत नाही, ते बदलावेच लागते. नवे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवल्यास तेही लवकर बिघडते.

रेल्वेची शिस्त या बाबतीत अनुकरणीय आहे. बंगळुरूच्या येलहंका भागात १९८४ पासून रेल्वेची चाके व आस बनवणारा कारखाना आहे. अशा भक्कम चाकांवरही रेल्वे डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. गाडी स्थानकात शिरताना कर्मचारी फलाटाशेजारी उभे राहून चाके पाहतात आणि आवाज ऐकतात. बेअरिंग तापलेला डबा आढळला, तर तो गाडीपासून वेगळा काढतात. शेकडो प्रवाशांचा खोळंबा पत्करला जातो, धोका पत्करला जात नाही.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, ज्या दोषामुळे वाहन धोकादायक ठरते, तो माहीत असून किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता अशा स्थितीत वाहन चालवणे, हा गुन्हा आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

काही दुखणी माणूस अंगावर काढतो. त्याची झळ बहुधा त्याला एकट्यालाच बसते. चाकाचे दुखणे मात्र अंगावर काढले, तर त्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते. बुडालेले एका दिवसाचे भाडे पुढच्या फेरीत भरून निघते. गेलेला जीव परत येत नाही.