चांदवडीला बट्टा किती?
मालेगावहून आग्रा रोडने नाशिककडे निघालं की चांदवड लागतं. होळकरांची एक टांकसाळ इथे होती. चांदवडी रुपया देऊन पुण्याचा अंकुशी हवा असेल, तर सराफ आधी नाणं दगडावर वाजवायचा, नाद ऐकायचा, मग कस आणि झीज पाहून बट्टा कापायचा. दोन्ही रुपयेच, पण भाव पेठेगणिक वेगळा! १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेनचा (शुद्ध चांदी १६५ ग्रेन) एकच रुपया आणला, तेव्हा कुठे हे गणित आटत गेलं.

देशादेशांच्या चलनांतही असंच व्हायचं. जपानचा येन आणि चीनचा युआन हे मूळचे चांदीच्या डॉलरचे भाऊबंद. १८९७ मध्ये येन सोन्याला बांधला गेला, चीन १९३५पर्यंत चांदीवरच राहिला. मग सोन्याच्या तुलनेत चांदीचा भाव हलला की दोघांमधला दरही हलायचा.