पराटी लाल पडली, म्हणून टॉनिक?

दसरा जवळ आला की घाटाखालच्या कृषी केंद्रांत एकच प्रश्न ऐकू येतो. "भाऊ, पराटी लाल पडून रायली, काय मारू?" समोरून बाटली येते. वर हिरवेगार पान, आत काय आहे ते बारीक अक्षरात. उधारीच्या वहीत नाव चढते अन् पंप पाठीवर. शेतकरी बंधूंनो, बाटलीला हात लावण्याआधी त्या पानात काय चालले आहे ते जरा पाहू या.

पान हिरवे असते ते हरितद्रव्यामुळे. त्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियम असते आणि त्याला धरून नत्र. हे द्रव्य सारखे मोडते, सारखे घडते. ते टिकवायचा निरोप येतो मुळांकडून. मुळांच्या टोकाशी सायटोकायनिन नावाचे संजीवक तयार होते आणि पाण्याबरोबर वर चढते. ते पानात पोचते आहे तोवर हरितद्रव्य आणि प्रथिने लवकर मोडत नाहीत. या गटातले पहिले द्रव्य १९५५ साली अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांच्या प्रयोगशाळेत सापडले. नारळाच्या पाण्यात आणि मक्याच्या कोवळ्या दाण्यातही या गटातली द्रव्ये असतात.

आता आपली काळी जमीन घ्या. आठ दिवस झड लागली, वावरात पाणी साचले, मुळांचा श्वास कोंडला, की वरचा हा निरोप तुटतो. मग दुसऱ्या संजीवकांचे राज्य सुरू होते. एक इथिलिन, दुसरे अॅब्सिसिक आम्ल. हे दुसरे १९६३ साली वेगळे काढले गेले ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतूनच! ताण पडला की पानांची तोंडे मिटवून पाणी वाचवायचे काम ते करते. इथिलिन देठाचा सांधा सैल करते. पाते गळतात, पाने पिवळी पडतात. तिकडे भरू लागलेली बोंडे पानांतले नत्र ओढून घेतात, रात्री थंड होतात, अन् हरितद्रव्य ओसरलेल्या पानावर लाल रंग चढतो. तोच आपला लाल्या.

म्हणजे मूळ दुखणे बहुतेक वेळा मुळाशी किंवा अन्नात असते. चर काढून पाणी बाहेर काढणे, वाफसा येताच डवरणी करणे, आणि २ टक्के युरिया किंवा डीएपी, सोबत १ टक्का मॅग्नेशियम सल्फेटची वेगळी फवारणी, हा इलाज टॉनिकपेक्षा स्वस्त पडतो. एकदा पुरते लाल झालेले पान मात्र कशानेही हिरवे होत नाही. कोणी तसे सांगत असेल तर खुशाल हसा.

मग संजीवके फुकटच का? तसे नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात सोयाबीन, हरभरा अशा पिकांवर गांडूळखताचे पाणी आणि एनएए फवारून पानातले हरितद्रव्य व नत्र मोजले गेले, त्यात वाढ दिसली. समुद्रशेवाळाच्या अर्कातही ऑक्सिन, सायटोकायनिन, जिबरेलिन असतात. भावनगरच्या केंद्रीय संस्थेने त्यावर बरेच काम केले आहे. पण हे सारे चालते ते थेंबाथेंबाच्या हिशेबात.

एनएएचेच बघा. हे कारखान्यात होते, पण काम पानातल्या ऑक्सिनसारखे करते, देठाचा सांधा धरून ठेवते. कपाशीला सहसा १० ते २० पीपीएम सांगतात. साडेचार टक्क्यांचे औषध असेल तर १० लिटर पाण्यात साधारण साडेचार मिली म्हणजे झाले २० पीपीएम. पण आपल्याकडे झाकणाने मोजायची सवय, त्यात "आणखी एक झाकण टाक" म्हणणारे कमी नाहीत. ऑक्सिन जास्त झाले की झाड स्वतःच इथिलिन तयार करते. गळ थांबवायला मारलेल्या औषधाने गळ वाढते ती अशी.

याच घराण्यातले तणनाशक २,४-डी. ते मारलेला पंप नीट न धुता पराटीत नेला, की पाने बेडकाच्या पायासारखी चिरली जातात. पुष्कळ जण तिला व्हायरस समजून पुन्हा फवारे मारतात. तणनाशकाचा पंप निराळाच ठेवा. शेजाऱ्याचा मागून आणला असेल तर त्याने आधी त्यात काय भरले होते ते विचारा.

बाटली घेताना एक गोष्ट तपासा. एनएए, जिबरेलिन यांसारखी संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. समुद्रशेवाळ, ह्युमिक आम्ल वगैरे जैव उत्तेजके फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. दोन्हींपैकी कशाचाच उल्लेख नसेल, घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल, तर ती बाटली दुकानातच राहू द्या. बिल पक्के मागा, उधारी असली तरी.

अन् फवारलेच, तर दोन तासे कोरडी सोडा. शेंड्याला चिंधी बांधून खूण करा. सीतादही करून वेचणी लागली की त्या दोन तासांचा कापूस वेगळ्या ओट्यात घ्या, बाजूच्या दोन फवारलेल्या तासांचा वेगळा, आणि काट्यावर ठेवा.