माशांच्या रक्तातील सदैव सज्ज संरक्षण : पूरक प्रणाली

तळ्याच्या पाण्यात रोगकारक जीवाणू नेहमीच असतात. जाळे ओढताना माशाचे खवले निघाले, की त्यांना शरीरात वाट मिळते. जीवाणूंची संख्या काही तासांत अनेक पटींनी वाढते. विशिष्ट प्रतिपिंडे तयार होण्यास मात्र काही आठवडे लागतात. या मधल्या काळात माशाचा बचाव जन्मजात प्रतिकारशक्ती करते. रक्तद्रवातील पूरक प्रणाली हा तिचा एक प्रमुख भाग होय.

या प्रणालीत तीसहून अधिक प्रथिने असतात. ती मुख्यतः यकृतात तयार होतात आणि रक्तात निष्क्रिय स्वरूपात फिरतात. प्रतिपिंडे जंतूला चिकटल्यास, जंतूच्या पृष्ठभागावरील शर्करा ओळखली गेल्यास, किंवा थेट त्या पृष्ठभागावरच, अशा तीन मार्गांनी ती कार्यान्वित होतात. तिन्ही मार्ग ‘सी-३’ या प्रथिनापाशी एकत्र येतात. त्याचा एक तुकडा जंतूला चिकटतो व भक्षक पेशी त्या खुणेवरून जंतूला गिळतात. पुढे ‘सी-५’ ते ‘सी-९’ ही प्रथिने जंतूच्या आवरणाला छिद्र पाडतात. एरोमोनाससारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंवर हा मारा होतो. मात्र काही घातक प्रकार प्रथिनांच्या कवचामुळे त्यातून निसटतात.

कार्प व ट्राउट माशांत ‘सी-३’ची एकाहून अधिक रूपे आढळतात. प्रतिपिंडांविना चालणारा मार्ग माशांत सस्तन प्राण्यांपेक्षा अधिक प्रभावी असतो. थंड पाण्यात प्रतिपिंडांची निर्मिती मंदावते, पूरक प्रणाली मात्र कार्यरत राहते. म्हणून हिवाळ्यात माशाची भिस्त तिच्यावर अधिक असते.

मत्स्यपालकाने ध्यानात घ्यावयाची बाब अशी, की या शक्तीचे रक्षण तळ्याच्या व्यवस्थापनातूनच होते. दाटी, प्राणवायूची कमतरता, अमोनिया व निष्काळजी हाताळणी यांमुळे माशांवर ताण येतो. दीर्घकाळच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढून प्रतिकारशक्ती खालावते. यास्तव पहाटे, प्राणवायू सर्वांत कमी असताना, त्याची मोजणी करावी. तो प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमच्या आसपास राखावा. बोटुकली थंड वेळी हलवावी. खाद्यात पुरेशी प्रथिने व जीवनसत्त्व क असावे. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान उपयुक्त ठरते. परंतु ते सतत न देता तज्ज्ञांच्या सल्ल्याने मर्यादित काळ द्यावे. प्रतिजैविके ताण दूर करत नाहीत. त्यांचा आधार घेण्यापूर्वी पाणी तपासावे.