खणण्याआधीची मशागत

देवास म्हटलं की मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवतात, फार तर पवारांची थोरली आणि धाकटी पाती. याच देवासला 1990 च्या दशकात रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, हे मात्र फारसं कुणाच्या स्मरणात नाही. पावलापावलावर पाणी, असा ज्या माळव्याचा लौकिक, तिथली ही गत. पाऊस कमी म्हणावा तर तो वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो. आपल्या नगर जिल्ह्याला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्तच मिळतो. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा, आणि रब्बीचं सगळं ओझं बोअरवर. पाणी खाली गेलं की आणखी खोल बोअर, तो कोरडा गेला की कर्ज, या चक्रात गावंच्या गावं अडकली.

2006 मध्ये उमाकांत उमराव तिथे जिल्हाधिकारी होते. त्यांच्याकडे शेततळ्यासाठी वाटायला अनुदान नव्हतं. त्यांनी मोहीम काढली ती समजावण्याची, आणि सुरुवात केली मोठ्या जमीनदारांपासून. पाण्याचा सर्वाधिक उपसा त्यांचाच होता आणि तळ्याला जमीन सोडणं त्यांनाच परवडणारं होतं. पाणी वाचवणं हे पुण्यकर्म आहे, असं सांगण्यापेक्षा त्यांनी नफ्या-तोट्याचा हिशेब मांडला: जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्याला द्या, उरलेल्या जमिनीत दोन्ही हंगाम घ्या.

हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. दहा हेक्टरच्या शेतावर वर्षाला एक मीटर पाऊस पडला, म्हणजे एक लाख घनमीटर पाणी आलं. त्यातलं तीस टक्के वाहून जातं असं धरलं, तर तीस हजार घनमीटर. एक हेक्टरचं, तीन मीटर खोल तळं नेमकं तेवढंच साठवतं. बाष्पीभवन आणि पाझर यांत तिसरा हिस्सा गेला, तरी वीस हजार उरतं. गव्हाला सहा सेंटिमीटरच्या चार पाळ्या द्यायच्या तर हेक्टरी चोवीसशे घनमीटर लागतं. म्हणजे आठ हेक्टर गहू निघतो. माळव्याची चिकण काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे प्लास्टिकच्या अस्तराचा खर्चही टळतो. शेतकऱ्याला पटतो तो असा आकडा, त्याच्याच बांधावर उभं राहून मांडलेला.

या तळ्यांना नाव मिळालं ‘रेवासागर’, आणि ती खणणाऱ्यांना ‘भागीरथ कृषक’. पहिली तळी शेतकऱ्यांनी पदरच्या पैशाने खणली. पुढची शाळा त्या तळ्यांनीच चालवली, कारण शेजाऱ्याच्या शेतात उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी दिसलं की वेगळं व्याख्यान लागत नाही. मध्य प्रदेश सरकारची अनुदानाची ‘बलराम ताल’ योजना आली ती 2007 मध्ये, म्हणजे मन वळल्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा झाला. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत 50,000 रुपयांपर्यंत अनुदान होतं. पण कित्येक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरी-बोअरच्या उपशाने भरली गेली. भूजल वर काढून उन्हात ठेवणं, याला जलसंधारण कसं म्हणायचं? खड्ड्याला पैसे मिळाले, समजुतीला मिळाले नाहीत.

तरी महाराष्ट्रातच याचा उत्तम धडाही आहे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात क्षमताबांधणीचा टप्पा स्वतंत्र होता आणि त्याला स्वतंत्र पैसा होता. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये उभी राहिलेली ‘वॉटर’ ही संस्था गावकऱ्यांना आधी दुसरी गावं दाखवी, छोट्या भागावर काम करून घेई. मोठं काम नाबार्डमार्फत नंतर. अकुशल मजुरीच्या 16 टक्के श्रमदान ही अट होती. पानी फाउंडेशननेही 2016 पासून गावोगावच्या लोकांना आधी निवासी प्रशिक्षण दिलं, फावडं मग हाती आलं.

खड्ड्याआधी समजूत हवी, हे तळ्यांपुरतंच खरं नाही. मध्य प्रदेशातल्याच धार जिल्ह्यातल्या निसरपूर गावाचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक जिव्हारी लागणारा आहे. सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि कुक्षी तहसीलमधलं हे भरलं गाव बुडालं. 1979 च्या नर्मदा लवादाने पात्र विस्थापित शेतकऱ्याला किमान दोन हेक्टर जमीन ठरवून दिली होती. ज्यांना जमीन मिळाली त्यांना माती नवी, उतार नवा, पाण्याची वाट नवी. निमाडच्या गाळाच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं ज्ञान दुसऱ्या शिवारात जसंच्या तसं चालत नाही. भरपाई आणि भूखंडाइतकीच नव्या मातीची ओळख हाही पुनर्वसनाचा खर्च धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अशा शिकवण्या-समजावण्यासाठी पैशाची सोय मुळीच नाही, असंही नाही. केंद्राच्या 2008 च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांत संस्था आणि क्षमताबांधणीसाठी 5 टक्के निधी राखून ठेवला होता. कृषी विस्ताराच्या ‘आत्मा’ योजनेत शेतीशाळा आणि अभ्यासदौऱ्यांना तरतूद असते. माझ्या मते पाच टक्के कमीच, आणि तेही काम सुरू होण्याआधी खर्च व्हायला हवेत. तुमच्या गावात पाणलोटाचं किंवा तळ्याचं काम मंजूर झालं असेल, तर पुढच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक मागा. प्रशिक्षणाची रक्कम किती आणि ती कधी खर्च होणार, हे विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.