लेबल फाटलं तरी ओळख राहावी

कोलकात्याजवळच्या डमडमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना होता. मराठी भावगीतं मुंबईत ध्वनिमुद्रित होत, तबकड्या मात्र डमडमला छापल्या जात आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चं लेबल लेवून आपल्याकडे येत. अशी तबकडी उजेडात तिरकी धरली, की लेबलाच्या कडेला, खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात एक बारीक क्रमांक दिसतो. हा मॅट्रिक्स क्रमांक साच्यातूनच तबकडीच्या अंगावर उमटलेला असतो. लेबल फाटो, पुसट होवो वा चुकीचं चिकटो, जाणकार संग्राहक या क्रमांकावरून ध्वनिमुद्रण ओळखतात.

ओळख पटल्यावर प्रश्न येतो वाजवण्याचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीला २५ मायक्रॉनची. एलपीची सुई जुन्या तबकडीवर टेकवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.

आता या तबकड्या संगणकात शिरताहेत, आणि तिथेही हेच दोन प्रश्न आहेत: ही फाइल कसली, आणि ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची? नव्या प्रकारच्या फाइलची नोंदणी करायची म्हणजे संगणकाला या दोन्हींची उत्तरं आधीच देऊन ठेवायची. विंडोजमध्ये हे काम रजिस्ट्रीत होतं. एक्स्टेन्शनची, म्हणजे फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांची, नोंद एका प्रकारनावाकडे नेते आणि त्या नावाखाली प्रोग्रॅम सुरू करण्याची आज्ञा लिहिलेली असते. पूर्वी कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप ही नोंद बदलून फाइली स्वतःकडे ओढून घेई. विंडोज ८ पासून वापरणाऱ्याच्या निवडीला सांकेतिक मोहोर लागते, त्यामुळे ही दांडगाई बरीच अवघड झाली.

लिनक्सची पद्धत मला जास्त भावते. तिथे प्रोग्रॅम लिहिणारा एका छोट्या फाइलीत प्रकाराचं नाव आणि एक्स्टेन्शन देतो, शिवाय फाइलच्या सुरुवातीला कोणते बाइट असायला हवेत हेही सांगू शकतो. वेव्ह फाइल आतून उघडून पाहा: पहिले चार बाइट ५२ ४९ ४६ ४६, म्हणजे ‘आरआयएफएफ’ ही अक्षरं. पुढच्या चारांत आकार, आणि मग ‘वेव्ह’ हा शब्द. फाइलचं नाव कुणी बदललं तरी ही खूण जागची हलत नाही. मॅट्रिक्स क्रमांकाचं काम इथे हे बाइट करतात.

नुसत्या एक्स्टेन्शनवर भिस्त ठेवली तर काय होतं, हे मे २००० मध्ये जगाने पाहिलं. ‘आय लव्ह यू’ विषाणूच्या फाइलला दोन एक्स्टेन्शनं होती. शेवटचं, खरं एक्स्टेन्शन विंडोज दाखवत नसे, म्हणून लोकांनी ती फाइल साधं प्रेमपत्र समजून उघडली.

पण आतली खूणही दर वेळी पुरत नाही. वर्डची डॉक्स फाइल मुळात झिप असते, तिचे पहिले बाइट कुठल्याही झिपसारखेच. ओपन डॉक्युमेंट या दस्तऐवजांच्या फाइलप्रकाराच्या रचनाकारांनी यावर सुरेख तोड काढली. झिपमधली पहिलीच फाइल प्रकाराचं नाव सांगणारी, आणि तीही न दाबता ठेवलेली; त्यामुळे पाकीट न फोडता ओळख पटते. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराला अशी सोय असती तर? संगणक त्याला ‘मजकूर’ म्हणून बिनचूक ओळखतो, पण कोणत्या फॉन्टची अक्षररचना आहे हे साध्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नसतं. मग पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा उमटतो. किती मराठी लेखन असं अडकून पडलं असेल, या विचाराने जीव तुटतो.

पुन्हा तबकड्यांकडे वळू. ध्वनिसंग्रहांसाठी शिफारस आहे सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येकी २४ बिटांचे. एकाच ध्वनिवाहिनीत तीन मिनिटांची एक बाजू सुमारे ५२ मेगाबाइट होते. फ्लॅक हा प्रकार आवाजातलं काहीही न गमावता ही जागा कमी करतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ ची. पण इंटरनेटवरच्या प्रकारनावांच्या अधिकृत यादीत ‘ऑडिओ/फ्लॅक’ नोंदलं गेलं ते २०२४ मध्ये फ्लॅकचं मानक प्रसिद्ध झालं तेव्हा. तोवर अनेक जण ‘एक्स-फ्लॅक’ या कामचलाऊ नावावर भागवत होते. त्यामुळे आज ध्वनिसंग्रहासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने दोन्ही नावं नोंदवावीत. नाहीतर जुन्या नावाने साठवलेली गाणी समोर असूनही प्रोग्रॅम त्यांना ओळखणार नाही.