कोठडीतून वर्गखोलीकडे

वार्ताहराने बातमी द्यावी, स्वतः बातमी होऊ नये, असा पत्रकारितेतील जुना संकेत आहे. ऑस्ट्रेलियाचे पीटर ग्रेस्टे यांच्या वाट्याला मात्र नेमके उलटे आले.

अफगाणिस्तान, सोमालिया अशा रणभूमींवरून त्यांनी अनेक वर्षे वार्तांकन केले. २००५ मध्ये मोगादिशू येथे त्यांच्या सहकारी केट पेटन गोळीबारात मृत्युमुखी पडल्या. तरीही ग्रेस्टे यांनी परदेशातील वार्तांकन सोडले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अल जझीरा वाहिनीसाठी ते केवळ काही आठवड्यांकरिता, बदली वार्ताहर म्हणून कैरोस गेले. सत्ताभ्रष्ट झालेल्या मुस्लिम ब्रदरहूडची बाजूही प्रेक्षकांसमोर यावी, म्हणून त्यांनी त्या संघटनेतील लोकांशी संवाद साधला. २५ डिसेंबरला सरकारने ती संघटना दहशतवादी ठरविली आणि २९ डिसेंबरला ग्रेस्टे यांना दोन सहकाऱ्यांसह अटक झाली. पुढे न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली.

प्रारंभी त्यांनी मौन पाळले. गैरसमज आपोआप दूर होईल, असे त्यांना वाटले. शेजारच्या कोठडीत इजिप्तचे लेखक अला अब्द अल-फत्ताह होते. त्यांच्याशी झालेल्या संभाषणांतून ग्रेस्टे यांना उमगले, की हा खटला व्यक्तीविरुद्ध नसून वृत्तस्वातंत्र्याविरुद्ध आहे. मग त्यांनी लिहिलेली पत्रे कारागृहाबाहेर पोहोचली आणि जगभर निषेधाचा सूर उमटला. ४०० दिवसांनंतर, १ फेब्रुवारी २०१५ रोजी, त्यांची मायदेशी पाठवणी झाली.

२०१८ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठात आणि २०२२ पासून मॅक्वॉरी विद्यापीठात त्यांनी अध्यापनाचे कार्य स्वीकारले. ‘दहशतवाद’, ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द कायद्यात सैल राहिले, की प्रामाणिक बातमीदारही गुन्हेगार ठरू शकतो, हा विचार ते सातत्याने मांडतात. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकणे म्हणजे त्याला संमती देणे नव्हे, हा पत्रकारितेचा पहिला धडा. तो पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतो; ग्रेस्टे यांनी त्याचे मोल ४०० दिवसांनी चुकविले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये या प्राध्यापकाने लंडन येथे २१ दिवसांचे उपोषण केले. अला शिक्षेची मुदत संपूनही बंदिवासातच होते आणि त्यांच्या आई, कैरो विद्यापीठातील गणिताच्या प्राध्यापिका लैला सुएफ, आधीपासून अन्नत्याग करून बसल्या होत्या. त्या मातेला एकाकी वाटू नये आणि ज्याने कोठडीत धीर दिला त्याचे ऋण फेडावे, हीच त्यामागील भावना. सप्टेंबर २०२५ मध्ये अला मुक्त झाले.

व्याख्यानाने ज्ञान मिळते. पण शिक्षकाचे वर्तन शब्दांशी जुळले, की विद्यार्थ्याला त्या ज्ञानाचा भरवसाही मिळतो.